मेंढीला जुळी झाली तर फायदा की डोकेदुखी?

शिवार

नमस्कार मंडळी. माझे चुलते माण तालुक्यात मेंढरं राखतात. पन्नास-साठ दख्खनी मेंढ्या, चार शेळ्या, एक घोडी. दिवाळी झाली की वाडा (मेंढरांसकट घरच्यांचा फिरता तळ) दौंड-बारामतीकडे उतरतो, आणि पावसाच्या तोंडावर परत वर येतो. मी पुण्यात नोकरीला, म्हणजे घरचा 'शिकलेला'. त्यामुळे असले उद्योग सुचतात.

परवा एका कृषी प्रदर्शनात फलटणच्या 'नारी सुवर्णा' मेंढीची माहिती मिळाली. निंबकर कृषी संशोधन संस्थेने तयार केलेली. आपली दख्खनी एका वेताला एकच कोकरू देते, जुळं क्वचित. ही मात्र बऱ्याचदा दोन देते, असं सांगितलं. मी लगेच चुलत्यांना फोन लावला. त्यांचं उत्तर : "चैत्रात एकाला पुरंना दूध आईला. दुसरं कुणाच्या जिवावर वाढवू?" मागून चुलतीचा आवाज आला, "एक नर आणून बघाय काय हुतंय?"

तर कुणी या मेंढ्या पाळल्या आहेत का? रोज दहा-बारा किलोमीटर चालणाऱ्या कळपात त्या टिकतात का? मला आपलं वाटतं की असलं संशोधन गोठ्यात बांधून, पेंड घालून पाळणाऱ्यांसाठी असतं. वाड्यापर्यंत ते पोचत नाही. मत बदलायला तयार आहे.

मिश्किलराव

मटणाचा भाव उतरणार असेल तर माझा बिनशर्त पाठिंबा. बाकी चर्चा चालू द्या.

गवतीचहा

छान विषय. वाचतेय. जुळ्यांचा 'गुण' असा एका जातीतून दुसरीत नेता येतो? जुळी म्हणजे नशिबाचा भाग असंच आजवर वाटत होतं.

डॉ_टाचण

पशुवैद्यक म्हणून तालुक्याला नोकरी झाली, आता निवृत्त आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गोष्ट सुरू होते सुंदरबनात. तिथे गरोल नावाची मेंढी आहे. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम दहा-चौदा किलोची, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते, आणि दोन-तीन कोकरं सहज देते. १७९२-९३च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजाने काही बंगाली मेंढ्या सिडनीला गेल्या. पुढे दीडशे वर्षांनी ऑस्ट्रेलियात 'बुरुला' नावाच्या फार्मवरच्या मेरिनो मेंढ्या अचाट कोकरं देतात हे तिथल्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. १९८०च्या आसपास त्यांनी मांडलं की हा एकाच जनुकाचा प्रताप असावा. २००१ साली तो नेमका बदल सापडला, आणि मग गरोलमध्येही तोच निघाला. म्हणजे बहुधा आपल्याच बंगालची देणगी समुद्रापार जाऊन आली. त्या जनुकाला 'फेक-बी' म्हणतात.

फलटणला नव्वदच्या दशकात गरोल आणल्या. डॉ. चंदा निंबकर यांनी हे काम पुढे नेलं, ऑस्ट्रेलियन संस्थांची साथ होती आणि डीएनए चाचणीचं काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) झालं. नुसता गरोलचा संकर केला असता तर कोकरू मांजराएवढं झालं असतं, त्याला बाजारात कोण विचारणार? म्हणून पहिल्या संकरानंतर पुन्हा पुन्हा दख्खनी आणि सांगलीकडच्या माडग्याळ मेंढीचं रक्त चढवत नेलं. दर पिढीत रक्त तपासून जनुक असलेलीच जनावरं पुढे ठेवायची. शेवटी अंगाने जवळपास आपलीच मेंढी, आणि गरोलचा तेवढा एक गुण शिल्लक.

शिवारराव, या जनुकाची एक प्रत (आई किंवा बाप, एकाकडूनच आलेली) असलेल्या मेंढीला वेताला सरासरी दीडच्या आसपास कोकरं होतात. म्हणजे दर खेपेला जुळं नाही. कधी एक, कधी दोन. मला यातली खरी मेख हीच वाटते. चार-पाच देणारी मेंढी माणदेशात कुणालाच नको आहे.

गवतीचहा

डॉक्टर, सुरेख सांगितलंत. पण एका प्रतीने दीड, तर दोन प्रतींनी तीन का नाही?

डॉ_टाचण

अंडी वाढतात, पण पोटात जागा आणि आईचं अंग तेवढंच. दुसऱ्या प्रतीने कोकरांची संख्या फारशी वाढत नाही, तिळं मात्र होऊ लागतात आणि ती जगवणं अवघड. म्हणून माद्यांमध्ये एक प्रत बरी. नर मात्र दोन प्रतींचा घ्यायचा, म्हणजे तुमच्या साध्या मेंढ्यांच्या सगळ्या पाटी (मादी कोकरं) एक प्रत घेऊन जन्मतात. एक प्रतीचा नर आणला तर निम्म्याच. आणि नराकडे बघून काही कळत नाही, त्याला स्वतःला थोडीच जुळी होणार आहेत? कागद बघूनच घ्या. आठवडी बाजारात "सुवर्णाचाच हाय" म्हणून काहीही गळ्यात मारतात.

मिश्किलराव

थोडक्यात, जावई तपासून घ्या, गुण नातींत दिसतील.

काळी_घोंगडी

मी विरुद्ध बाजूने बोलतो. संकर म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. गायींच्या संकराने खिल्लारचं काय झालं ते बघतोच आहोत. दख्खनी मेंढी काळी, अंगावर जाडी लोकर, उन्हातान्हात चालणारी. तिच्या लोकरीला आज कुणी विचारत नाही हे मान्य. कातरणीची मजुरी लोकरीपेक्षा महाग पडते. म्हणून लोक माडग्याळी नर सोडतात. उंच, केसाळ, वजनदार. बाजारात त्याला मान आहे. पण दोन पिढ्यांत कळपातली काळी मेंढी नाहीशी होते. 'अंथ्रा'सारख्या संस्था दख्खनी टिकवायला किती वर्षं झगडत आहेत. त्यात आता हे जुळ्यांचं. घोंगडी विणायला उद्या लोकर कुठून आणणार?

डॉ_टाचण

घोंगडीवाले, काळजी रास्त आहे. पण दख्खनी जायला लागली ती माडग्याळच्या हौसेने आणि लोकरीचा बाजार बसल्याने. या कामात उलट दख्खनीचंच रक्त परत परत चढवलं आहे. काळे नरही असतात.

सातबारा

सगळं ठीक आहे हो, पण चरायला कुठे सोडायचं? आमच्याकडे गायरानात आधी शाळा, मग टाकी, आता सौरऊर्जेच्या पाट्या. वनखात्याच्या हद्दीत गेलं की दंड. खाली ऊस. पूर्वी शेतकरी वाट बघायचे, खतासाठी मेंढ्या रानात बसवायला धान्य नि पैसे द्यायचे. अजूनही बसवतात, पण दोन पिकांच्या मधे रान मोकळंच राहीना. आहे त्या चाऱ्यात दीडपट तोंडं झाली तर काय होईल हे संशोधकांना कुणी विचारलंय का?

चिकित्सक

उलटा हिशोब करून बघा. चाऱ्याचा मोठा वाटा आई खाते, कोकरू तीन-चार महिन्यांत विकलं जातं. ६० मेंढ्यांपासून ६० कोकरं घ्यायच्याऐवजी ४० मेंढ्यांपासून ५५-६० घेतली तर रानावरचा भार कमीच होतो. फक्त माणूस कळप कमी करेल का, हा प्रश्न.

सातबारा

कागदावर बरोबर. पण धनगराला कळप कमी कर म्हणून सांगायला तुम्ही जा, मी लांबून बघतो.

वाडेकरीण

मी इथे फारशी लिहीत नाही, पण हा धागा माझ्या घरचा आहे. माहेर-सासर दोन्हीकडे मेंढरं. आता आम्ही गावात राहतो, दीर अजून वाडा घेऊन जातात. त्यांच्या कळपात या जातीच्या मेंढ्या आहेत, म्हणून लिहिते.

पुरुषमाणसं 'कोकरं जास्त' एवढंच बघतात. दुसरं कोकरू जगतं ते बायांच्या हाताने. मेंढी व्याली की पहिलं उभं राहून सडाला लागतं. दुसरं बारकं, ओलं, थरथरत पडलेलं. बऱ्याचदा आई पहिल्याला घेऊन दोन पावलं पुढे जाते आणि दुसऱ्याला हुंगतसुद्धा नाही. मग आईचा पाय धरायचा, गुडघ्याने तिला मेढीशी दाबायचं आणि बारक्याच्या तोंडात सड द्यायचा. तासाभरात चीक पोटात गेला नाही तर रात्र निघत नाही. आईचं दूध कमी पडलं तर शेळी. प्रत्येक वाड्यात चार शेळ्या असतात त्या कशाला? चहाला आणि याच कामाला. शेळी अशी शहाणी होते की कोकरांची वाघर (जाळीचं कुंपण) उघडली की स्वतःच येऊन पाय फाकवून उभी राहते. नवी शेळी मात्र लाथा घालते.

हे सगळं मुक्कामाला असेल तर ठीक. वाटेत व्याली की कोकरू झोळीत घालून घोडीवर. दोन असली की दोन बाजूंना बरोबर भार होतो, एवढाच फायदा :) पण झोळीत कोंडलेल्या कोकराला दर दोन-तीन तासांनी उतरवून पाजायचं कुणी? जी स्वयंपाकाचं, पाण्याचं, पोरांचं बघते तिनेच.

तरीही मी म्हणेन, करा. जावेला विचारलं तर ती म्हणते, ताप आहे, पण पोरीच्या कॉलेजची फी त्या जादाच्या कोकरांवर निघाली. फक्त नर आणायच्या आधी चुलत्यांना नका विचारू, चुलतीला विचारा. तिने हो म्हटलेलंच दिसतंय.

गवतीचहा

वाडेकरीण ताई, दंडवत. आणखी लिहा. शेळीचं तर भारीच.

तिखटजाळ

+१. पण एक शंका. अशा प्रकल्पांच्या पत्रकात 'अन्नसुरक्षा' लिहिलेलं असतं. मटण धनगराच्या ताटात पडतं का? कोकरू विकून ज्वारी आणि तेल घेतो तो. मग अन्नसुरक्षा कुणाची, खाटकाची?

वाडेकरीण

ताटात जत्रेला पडतं, नाहीतर एखादं पाय मोडून पडलं तर. पण कोकरू विकून ज्वारी घेणं हीच आमची अन्नसुरक्षा. दुष्काळात शेतकऱ्याकडे विकायला काय असतं? आमच्याकडे दावणीला असतं.

नैरोबीकर

नैरोबीत कामानिमित्त राहतो, पशुधन संशोधनाच्या क्षेत्रातल्या लोकांत उठबस आहे. इथे १९९४ पासून आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्था आहे, तिची दुसरी मोठी जागा अदिस अबाबाला. शिवार, तुम्ही जे विचारलंत त्यावर इथे वर्षानुवर्षं डोकेफोड चालू आहे.

एक उदाहरण इथिओपियाचं. तिथेही आधी बाहेरचे नर आणून संकर करायचे बरेच प्रयत्न झाले. केंद्रावर उत्तम चाललं, गावात गेल्यावर बारगळलं. मग २००९पासून मेन्झ, बोंगा, होरो, अफार या चार स्थानिक जातींवर वेगळी पद्धत सुरू झाली. संशोधकांनी आपल्या मनाने नर निवडायचा नाही. गावातल्या मेंढपाळांनी मिळून वहीत नोंदी ठेवायच्या, कुठल्या आईचं कोकरू कसं वाढलं ते बघायचं, वर्षातून एकदा सगळे तरणे नर एकत्र आणून त्यातले बरे निवडायचे आणि ते पाळीपाळीने सर्वांनी वापरायचे. बाकीचे विकायचे. कारण होतं काय, चांगला वाढलेला नर आधी विकला जातो, आणि मागे राहिलेला मरतुकडा बाप होतो. हा घोळ माणमध्येही असणार.

आणि इस्रायलमध्ये तुमचंच 'फेक-बी' तिथल्या आवासी आणि असाफ मेंढ्यांत घातलं आहे. तिथे ते जोरात चालतं. पण तिथे गोठा, खुराक, कृत्रिम दूध सगळं आहे. तिथल्या यशाचे आकडे दाखवून कुणी माणमध्ये विकायला आलं तर चहा पाजून वाटेला लावा.

सातबारा

'चांगला आधी विकला जातो' हे लाख बोललात. बकरी ईदच्या आधी कळपातला देखणा नर कुणाकडे राहतो?

मिश्किलराव

नैरोबीकर, तिकडे मेंढ्यांचा विमा उपग्रहावरून काढतात म्हणे. मेंढीने वर बघून हात हलवायचा का?

नैरोबीकर

हसा, पण आहे खरं. २०१०मध्ये उत्तर केनियात मार्साबितला सुरू झाला. उपग्रहाच्या चित्रावरून गवताचा हिरवेपणा मोजतात. तो ठरावीक रेषेच्या खाली गेला की त्या भागातल्या सगळ्या विमाधारकांना पैसे. मेलेलं जनावर दाखवायचं नाही, पंचनामा नाही. खोटे दावे करता येत नाहीत, कारण गवताला कुणी लाच देऊ शकत नाही. तोटा असा की तुमची जनावरं मेली आणि आसपास हिरवं असलं, तर तुम्हाला काही मिळत नाही.

सातबारा

आमच्याकडे कानातला बिल्ला हरवला म्हणून दावा नामंजूर झालाय. विजेने मेलेली मेंढी, पाच माणसं साक्षीला, पण बिल्ला सापडेना. कंपनीचं नाव घेत नाही. उपग्रह चालेल मला.

चिकित्सक

मूळ मुद्द्यावर येतो. डॉक्टरसाहेब, हे दीडचे आकडे संस्थेच्या कळपातले की धनगरांच्या? केंद्रावर मेंढीला खुराक मिळतो, तिथलं दीड बाहेर सव्वा होऊ शकतं.

डॉ_टाचण

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. फलटणच्या कामात मला आवडलेली गोष्ट हीच, की त्यांनी नर आणि माद्या फलटणच्या आसपासच्या मेंढपाळांच्या कळपांत दिल्या आणि तिथेच वर्षानुवर्षं नोंदी घेतल्या. दीडच्या आसपासचा आकडा अशा कळपांतलाही आहे. नोव्हेंबर २००८मध्ये पुण्यात या जनुकावर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली, तिच्यात हे सगळं मांडलं गेलं. जुळी कोकरं वजनाला कमी भरतात आणि त्यांची मर जास्त असते, हे लपवलेलं नाही. तरी विकायला येणारी कोकरं एकूणात जास्तच.

आता माझं अनुभवाचं. जुळी न जगण्याची कारणं मी रोज बघितली आहेत. एक, गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत मेंढीला काही मिळत नाही. तेव्हा मूठ-दोन मुठी मका भरडा किंवा शेंगदाणा पेंड, बाभळीच्या शेंगा, काहीही चालतं. कोकराचं बहुतेक वजन त्याच काळात वाढतं आणि कासही तेव्हाच भरते. दुसरं, जंत. पावसाळ्यात पोटातला तो तांबडा जंत रक्त पितो, जबड्याखाली पाणी उतरतं, आणि लोक म्हणतात नजर लागली. गरोलमध्ये या जंताला तोंड देण्याची ताकद बरी असते असं चाचण्यांत दिसलं होतं, पण औषध चुकवायचं नाही. तिसरं, लस. आंत्रविषाराची पावसाच्या आधी, आणि पीपीआरची. पीपीआर कळपात शिरला तर एक कोकरू की दोन ही चर्चाच उरत नाही.

तिखटजाळ

पीपीआर म्हणजे? शहरी माणसांसाठी जरा सोपं करून.

डॉ_टाचण

शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग. ताप, नाकाडोळ्यातून घाण, तोंडात फोड, हगवण, आणि मर. जुन्या बुळकांडीचा, म्हणजे गुरांच्या प्लेगचा, चुलतभाऊ. १९४२मध्ये पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टला प्रथम नोंदला, भारतात १९८७ साली तमिळनाडूत. आपल्या उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संशोधन केंद्रात यावर लस झाली, 'सुंगरी ९६' या विषाणूपासून. एकदा टोचली की किमान तीन वर्षं बघायला नको. जगातून २०३०पर्यंत हा रोग घालवायचं ठरलं आहे.

नैरोबीकर

बुळकांडी २०११मध्ये जगातून गेली, देवीनंतरचा दुसराच रोग. त्यातही मुक्तेश्वरचा हात आहे, १९२०च्या दशकात तिथे एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने शेळीतून काढलेली लस केली होती. मग इथे नैरोबीजवळ मुगुगाला प्लोराइट या शास्त्रज्ञाने जास्त भरवशाची लस केली. पण शेवटचा घाव बसला तो उन्हात न बिघडणाऱ्या लसीने. इथिओपियातल्या अफारसारख्या वाळवंटी भागात बर्फाचा डबा पोचत नव्हता, डॉक्टर तर नाहीच. मग तिथल्याच गुराख्यांना टोचायला शिकवलं आणि लस त्यांच्या हाती दिली.

वाडेकरीण

हे आमच्याकडे का होत नाही? लसीचं शिबिर गावात लागतं तेव्हा वाडा भीमेच्या काठी असतो. तिथल्या दवाखान्यात गेलं की म्हणतात तुमच्या तालुक्यात जा. आमच्यातल्या शिकलेल्या पोरापोरींना हे काम शिकवलं आणि बर्फाचा डबा दिला तर घोडीवर तोही बसतो.

डॉ_टाचण

ताई, नोकरीत असताना हे वरच्या बैठकीत मांडलं होतं. इतिवृत्तात आहे, असेल.

मिश्किलराव

इतिवृत्त हे आपल्याकडचं सर्वांत थंड ठिकाण. लसी तिथेच ठेवा.

काळी_घोंगडी

हाहा. हे आवडलं.

शिवार

इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. काल चुलतीशी बोललो, वाडेकरीण ताईंच्या सल्ल्याप्रमाणे. तिने दोनच गोष्टी विचारल्या. पाटी कधी व्यायला लागतील, आणि नर मारकुटा आहे का. पहिल्याचं मी सांगितलं की आता नर सोडला तर त्याच्या पाटी व्यायला दोनेक वर्षं लागतील, तोवर कळपात काही फरक दिसणार नाही. ती म्हणाली मग आणखी एक शेळी घ्यायला तेवढा वेळ पुरेल.

चुलते अजून गप्प आहेत. सरकारच्या महामेष योजनेत २० माद्या नि एक नर ७५ टक्के अनुदानावर मिळतात म्हणून अर्ज करावा का, असं मनात आलं होतं. पण आधीच कळप आहे, म्हणून फक्त नर घ्यायचं ठरवतोय. चिकित्सक, तुमचा ४० मेंढ्यांचा हिशोब चुलत्यांना सांगितला नाही. घरात शांतता हवी आहे.

नर आणल्यावर काय काळजी घ्यायची?

डॉ_टाचण

तीन आठवडे कळपापासून लांब बांधा. जंताचं औषध पाजा, लसी झाल्याचा कागद घ्या. एकदम दहा किलोमीटर चालवू नका, पायाला सवय होऊ द्या. आणि जुना नर त्याच वेळी काढा, नाहीतर कुठली पाट कुणाची हे कळणार नाही. पाटींच्या कानाला खूण करा आणि वहीत लिहा. पहिल्या जुळ्याच्या वेळी चुलतीबाई एकट्या पडणार नाहीत एवढं बघा.

काळी_घोंगडी

माझी एकच विनंती. काळा नर मिळाला तर काळाच घ्या.

शिवार

विचारतो. चुलत्यांचीही तीच एक अट निघाली, पांढरा आणला तर वाड्यात शिरू देणार नाही म्हणाले. म्हणजे हो म्हणाले.

मिश्किलराव

अभिनंदन. मटणाचं काय झालं?